दोन बोटं की तीन?

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. मिस्साच्या उपासनेत मिळणारा परमप्रसाद, ती पवित्र भाकर, हातात घ्यायची की जिभेवर, यावरून तुमच्या पॅरिशमध्ये दोन तट पडलेत आणि तू जिभेवाल्यांचा सेनापती, हे वाचून आधी हसू आलं. मग रशिया आठवला.

१६५२ साली निकॉन मॉस्कोचा पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचा प्रमुख, झाला. रशियन विधी ग्रीकांशी जुळत नाहीत, हे त्याला खुपायचं. पुढच्याच वर्षी फर्मान सुटलं: क्रुसाची खूण दोन नाही, तीन बोटांनी करा. मग आल्लेलुया हा स्तुतीचा घोष दोनदाऐवजी तीनदा, मिरवणूक उलट्या दिशेने. झालं! आव्वाकुम नावाचा धर्मगुरू हटून बसला. त्याला पार उत्तरेला जमिनीखालच्या कोठडीत डांबलं आणि १६८२ मध्ये जाळलं. तू म्हणशील, याला म्हणतात निष्ठा! अरे, पण जाळणारेही बोटंच मोजत होते की. त्यातून गंमत बघ, जुन्या विधीवाल्यांना शाप देणाऱ्या १६६६-६७ च्या धर्मसभेने निकॉनलाच पदावरून काढलं. माणूस नकोसा झाला, त्याची तीन बोटं मात्र ठेवून घेतली.

पुढचं जास्त चटका लावणारं आहे. नवा धर्मगुरू घडवायला बिशप लागतो, आणि जुन्या विधीवाल्यांकडे एकही उरला नाही. होते ते धर्मगुरू म्हातारे होऊन गेले. काहींनी सरकारी चर्चमधून फुटून आलेल्यांवर भागवलं. पण एका मोठ्या गटाने ठरवलं, आता खरा धर्मगुरू पृथ्वीवर नाहीच. मग मिस्सा बंद, परमप्रसाद बंद. लग्न कुणी लावायचं, यावरून पुन्हा तट! ज्या मिस्साचा काना-मात्रा हलू नये म्हणून जीव दिले, ती मिस्साच पिढ्यान्‌पिढ्या नाही. दोन बोटं तेवढी शाबूत.

चित्रकार सुरिकोवचं १८८७ चं चित्र नेटवर बघ. बेड्या घातलेली, जुन्या विधीवाल्यांतली, उमराव घराण्यातली मोरोझोवा स्लेजवरून चाललीय, हात उंच, दोन बोटं ताठ. बर्फात बसलेला एक फाटका साधूही तीच दोन बोटं उचलतोय. खोटं कशाला बोलू, मला ती बाई आवडते. पण बाकावर शेजारी बसली असती, तर मिस्साभर माझी बोटं तपासत राहिली असती. ते शाप रशियन चर्चने मागे घेतले १९७१ साली.

तू खुशाल जिभेवर घे, नियमाने दोन्ही चालतं. रांगेतल्या पुढच्याचे हात कशाला बघतोस?

नाताळात येतोय. पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगला मला ओढू नकोस, एवढं कर.

तुझाच,
मित्र