मिठाऐवजी धुण्याचा सोडा वापरावा

महोदय,

९ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलीतील ग्राफाइटच्या दोन कांड्या घेऊन पाण्याचे विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याचा प्रयोग, घरी करून पाहणारे विद्यार्थी मला विचारतात, की पाण्यात मीठ घातल्यावर धनाग्राजवळ (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीजवळ) पोहण्याच्या तलावासारखा वास का येतो. तो वास क्लोरीनचा असतो; मिठातील क्लोराइड आयन (क्लोरीनचे ऋणभारित कण) तेथे इलेक्ट्रॉन गमावतात आणि अपेक्षित ऑक्सिजनसोबत किंवा त्याच्याऐवजी हा विषारी, घशाचा दाह करणारा वायू निघतो. मिठाच्या जागी चमचाभर धुण्याचा सोडा घातल्यास क्लोरीनचा प्रश्नच उरत नाही, मात्र ऋणाग्रावरील (ऋण टोकाला जोडलेल्या कांडीवरील) हायड्रोजन ज्वलनशील असल्याने खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. इतका नेमका प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘असले उद्योग नकोत’ असे सुनावले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

– एक रसायनशास्त्र शिक्षिका, सातारा