आशाताई, हातावर लिहिलेल्या त्या 9:45 साठी

आशाताई, सप्रेम नमस्कार.

पऱ्हाटीच्या वावरात साप चावला म्हणून दंडावर सुतळी आवळलेली, हात गार पडलेला, आणि भोवती ‘आधी दोरी कापा’ म्हणणारी मंडळी. तुम्ही कापू दिली नाही. दोरी कधी बांधली ते विचारून हातावर बॉलपेननं 9:45 लिहिलंत आणि गाडी बोलावलीत. त्या तीन आकड्यांसाठी हे पत्र.

गाठ 1:25 ला सुटली, सलाईन लावून आणि प्रतिविष हाताशी ठेवून. खाली अडलेलं विष गाठ सुटताच अंगभर जातं, म्हणून आवळलेली दोरी गावात सोडायची नसते. (मुळात बांधायचीच नसते, हे तुम्ही दर बैठकीत सांगता.) 20 मिनिटांच्या काचनळीच्या चाचणीत रक्त गोठलं, पापण्याही दिवसभर जड झाल्या नाहीत, म्हणजे विष भिनल्याची खूण नव्हती. जो घात होत होता तो दोरीचा होता.

रक्ताविना स्नायू साधारण 2 तास निभावतो, 4 तासांपर्यंत बराचसा सावरतो. 6 तासांनंतर मोठा भाग मरतो. इथं 3 तास 40 मिनिटं झाली होती. वेळ नेमकी कळल्यामुळे पुढचं सगळं आधीच तयार ठेवता आलं. रक्त परतलं की मेलेल्या तंतूंतलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं आणि मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन मूत्रपिंडाला मारतं. म्हणून ईसीजी आणि तासातासाला लघवीचा रंग. काळ्या चहासारखी झाली की धोका. शिवाय स्नायू सुजतो, त्यावरचं आवरण ताणत नाही. बोट हळूच सरळ केलं तरी असह्य कळ आली, तर ताबडतोब सर्जन लागतो. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचे हात गेलेत. असा हात उंच टांगायचाही नाही, छातीच्या पातळीला ठेवायचा.

घरचं काम मात्र सगळं तुम्ही केलंत. पहिले काही दिवस शरीर मेलेले तंतू साफ करतं. मग तंतूला चिकटून निजलेल्या बीजपेशी जाग्या होतात आणि आठ-पंधरा दिवसांत कोवळे तंतू धरतात. तंतूभोवतीची खोळ शाबूत नसेल तिथं वण भरतो, तो आकसतो आणि बोटं आत वळतात. म्हणून बोटं सरळ धरणारी रात्रीची पट्टी (स्प्लिंट) आणि दिवसातून चार वेळा बोटं सावकाश सरळ करणं. पेशंटच्या सासूबाईंनी गरम विटेचा शेक आणि तेलाची रगड काढली तेव्हा तुम्ही दोन्ही थांबवलंत. बधिर हाताला भाजलेलं कळत नाही, आणि रगडण्यानं कोवळे तंतू फाटतात. तिसऱ्या आठवड्यात परातीतली तूरडाळ चिमटीनं उचलायला लावलीत, मग सैल कणीक. मुठीत जोर धरायला अजून महिने लागतील. नस नुसती दबली असेल तर आठवड्यांत जागी होते. नसेतलाच तंतू तुटला असेल तर ती पुन्हा वाढत दिवसाला साधारण 1 मिलिमीटर सरकते.

बोटं किती उघडतात ते तुम्ही रोज वहीत पेन्सिलीनं पंजा गिरवून ठेवलंत. त्या पंजांवरूनच आम्ही पट्टीचा कोन दोनदा बदलला. वही सोबत परत पाठवतो आहोत. अंगठ्याचं पान तेवढं वेगळं ठेवा, तो अजून आत ओढतो आहे.

तुमचे,
फिजिओथेरपी विभागातले सगळे