मिठाचा डबा

ती. आई-बाबा,
सा. न.

सुखरूप पोचले. दशम्या बसमध्येच संपल्या, चटणी मात्र पुरवून खातेय.

निघायच्या आदल्या रात्री तुम्ही झोपल्यावर मी ओट्यावरच्या मिठाच्या डब्यातलं कमी सोडियमचं मीठ काढून त्यात पूर्वीचं आयोडीनचं मीठ भरलं. बाबा, ज्या माणसाचा व्हिडिओ बघून तुम्ही ते मीठ आणलंत, त्याचं तुमच्या मोबाईलवरचं चॅनलही बंद केलं. न विचारता. स्वारगेटपासून तेच मनाला लागून राहिलंय. कॉलेजात असताना मला आलेलं एक पाकीट तुम्ही कधी फोडलं नाहीत, आणि मी तुमचा फोन उघडला.

पण तो माणूस निखालस खोटं बोलत असता तर तुम्हीच ओळखलं असतं. कमी सोडियमचं मीठ पुष्कळांच्या बीपीला खरंच बरं. त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. तुमची बीपीची टेल्मिसार्टनची गोळी मात्र शरीरातलं पोटॅशियम सहज बाहेर जाऊ देत नाही, आणि किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन तर दोन वर्षांपासून वाढलेलंच आहे. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आधी काही जाणवतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये हे मीठ सुचवलं, ते किडनीचा त्रास असणाऱ्यांना वगळून. व्हिडिओत नेमकं तेवढंच गाळलं होतं.

तुमच्या रिपोर्टात पोटॅशियम 5.6 आलंय, साधारण 5 पर्यंत हवं. हा आकडा मी तेव्हा बोलले नाही. आई, घाबरू नकोस गं. डॉक्टरांशी बोलूनच मीठ बदललंय, लगेच पुन्हा तपासायचं आहे.

सैंधवही आणू नका. तेही मीठच, सोडियम जवळपास तेवढंच, आणि आयोडीनचा भरवसा नाही. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, लोणचं-पापड त्यातच धरून. आई, तुझ्या आमटीत हात घालत नाहीये. जेवताना पानात वाढलेलं मीठ तेवढं बंद कर. लिंबाची फोड ठेव, बाबांना आवडते.

बाबा, मंडईत तुम्ही भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पाव किलोही घ्यायचा नाहीत. मी पिशवी धरून उभी असायचे, आणि मोडलेलं टोक माझ्या कपाळाला चिकटवायचात. व्हिडिओचंही टोक मोडून बघा ना. बोलणारा नेमकं काय शिकलाय? शेवटी काही विकतोय का? कोणी घेऊ नये, हे सांगतोय का? ‘सात दिवसांत बीपी मुळापासून बरं’ म्हणत औषध विकणारा तर तिथेच जून निघाला. बीपी किंवा मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे.

गोळी स्वतःहून बंद करायची नाही. नारळपाणी सध्या नको, डॉक्टरांनीच सांगितलंय. तळजाईचं फिरणं चालू ठेवा, पण उजाडल्यावर, आणि नवे बूट घालून. ते खोक्यात ठेवायला आणलेले नाहीत. छातीत धडधड, हातापायांत अशक्तपणा वाटला तर मला फोन नंतर, आधी शेजारच्या काकांना घेऊन थेट दवाखाना.

शनिवारी सकाळी साडेसातला रक्त घ्यायला माणूस घरीच येईल. पैसे भरलेत, त्याला पुन्हा देऊ नका, चहा दिलात तर चालेल. आणि बाबा, चॅनल परत हवं असेल तर फोन करा, मी लगेच सुरू करून देईन. पुढचा व्हिडिओ मात्र मलाही पाठवा, दोघं मिळून बघू.

तुमची,
छकुली