आधी लॉग वाचा, मग रीस्टार्ट करा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ येत असताना नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे वाहनतळ, बससेवा, गर्दीची माहिती यांसाठी डिजिटल सेवा उभारण्याची चर्चा सुरू आहे. ही चर्चा बहुतेक वेळा ॲप कसे दिसेल यावरच थांबते. पर्वणीच्या दिवशी ते अडखळले तर नेमका बिघाड कुठे आहे हे कोण आणि कसे शोधणार, याविषयी फारसे बोलले जात नाही. अशा प्रणालींच्या देखभालीचे काम करीत असल्याने त्यातील एका बाबीकडे लक्ष वेधू इच्छिते : लॉग, म्हणजे प्रणाली आपल्या कामाची ओळीओळीने लिहीत जाते ती नोंद, वाचण्याकडे.

आज एखादी साधी विनंतीसुद्धा पाच-सहा वेगवेगळ्या सेवांमधून फिरून येते. ट्रकच्या बिल्टीवर प्रत्येक नाक्यावर शिक्का पडावा, तशी त्या विनंतीची प्रत्येक टप्प्यावर वेळेसह नोंद होते. तिला ट्रेस म्हणतात. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री ही अशा नोंदींसाठीची खुली प्रणाली तयार झाली आणि तिचा कलेक्टर हा भाग हे ट्रेस गोळा करून पुढे साठवणीकडे पाठवण्याचे काम करतो. हा कलेक्टर सहसा कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या स्वतंत्र खोक्यात, चालतो. तो बंद पडला किंवा मुका झाला, तर ॲप चालू असूनही तपासणीचा पडदा कोरा राहतो, आणि कोरा पडदा पाहून सारे आलबेल असल्याचा समज करून घेणारे कमी नाहीत.

सातपूरमधील एका लहान कंपनीत असेच झाले. कंटेनरची प्रतिमा, म्हणजे ज्या साच्यावरून तो उभा राहतो ती, नेहमीप्रमाणे ‘लेटेस्ट’ या खुणेने अद्ययावत झाली आणि ट्रेस येणे थांबले. कलेक्टरच्या लॉगमध्ये ‘एरर’ हा शब्द शोधला, तर एकही ओळ सापडेना; उलट सर्व सज्ज असून काम सुरू झाल्याचे वाक्य तेथे ठळकपणे होते. दोष त्याच्या वरच्याच, माहिती म्हणून लिहिलेल्या साध्या ओळीत होता : सर्व्हर ‘लोकलहोस्ट’च्या, म्हणजे फक्त आतूनच पोहोचता येणाऱ्या पत्त्याच्या, ४३१७ या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) सुरू झाला होता. २०२४ मध्ये ०.१०४.० या आवृत्तीपासून कलेक्टरचा मूळ (वेगळे काही न सांगितल्यास लागू होणारा) पत्ता सुरक्षेसाठी ०.०.०.० या बाहेरूनही पोहोचता येणाऱ्या पत्त्यावरून लोकलहोस्ट असा बदलण्यात आला. त्यामुळे ज्यांनी कॉन्फिगमध्ये (मांडणीच्या फाइलमध्ये) पत्ता स्पष्ट लिहिला नव्हता, त्यांचा कलेक्टर फक्त स्वतःच्या कंटेनरपुरताच ऐकू लागला. शेजारच्या कंटेनरमधील ॲपच्या लॉगमध्ये मात्र ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ (जोडणी नाकारली) असे वारंवार उमटत होते. दोन्ही कंटेनरचे लॉग शेजारी ठेवून पाहिल्यावर उलगडा व्हायला वेळ लागला नाही.

येथे अडचण अशी की कलेक्टरच्या अधिकृत प्रतिमेत शेलच नसते, म्हणजे आत शिरून पाहण्याची सोयच नाही. लॉग हाच सर्वांत जवळचा साक्षीदार उरतो. आणि आपल्याकडे पहिला उपाय असतो सगळे पाडून पुन्हा उभे करण्याचा! नुसत्या रीस्टार्टने डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनातील जुना लॉग टिकतो, पण त्याची ‘कंपोज डाउन’ ही आज्ञा दिल्यावर कंटेनर काढून टाकला जातो आणि त्याच्यासोबत लॉगही जातो. कुबरनेटिस या अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीत ‘प्रीव्हियस’ हा पर्याय वापरून आधीच्या कंटेनरचा लॉग पाहता येतो, तोही लगतच्या एकाच वेळचा. तो लॉग मध्येच तुटलेला असेल आणि कंटेनर बंद पडतानाचा क्रमांक (एक्झिट कोड) १३७ असेल, तर मेमरी संपल्याने प्रक्रिया मारली गेल्याची शक्यता आधी तपासावी. अशा वेळी तिला शेवटची ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. निर्यात, म्हणजे ट्रेस पुढे पाठवणे, अपयशी ठरत असल्याच्या ओळी एकामागून एक दिसत असतील, तर दोष बहुधा पुढच्या साठवणीत किंवा तिच्यापर्यंतच्या मार्गात असतो, आणि पाठवणीची रांग भरली की कलेक्टर नवे ट्रेस सरळ टाकून देतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. कंटेनरमधील वेळ साधारणपणे यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, असते; त्यामुळे आपल्याकडील सकाळी १० वाजताचा बिघाड लॉगमध्ये ०४:३० ला शोधावा लागतो. कलेक्टर आपल्या नोंदी स्टँडर्ड एररवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटहून वेगळ्या वाटेवर, लिहितो, त्यामुळे ती वाट जोडून न घेता ‘ग्रेप’ ही शब्द शोधून ओळी गाळणारी आज्ञा लावल्यास चाळणी लागतच नाही आणि सगळा लॉग पडद्यावर सांडतो.

माझी विनंती संबंधित यंत्रणांना आणि शहरातील सॉफ्टवेअर कंपन्यांना आहे. देखभालीच्या करारात कंटेनर काढण्यापूर्वी लॉग जतन करण्याची अट असावी, कलेक्टरची आवृत्ती नेमकी ठरवून द्यावी आणि लॉगची आकारमर्यादा लिहून घ्यावी, कारण डॉकरची मूळ पद्धत जुने लॉग आपणहून छाटत नाही आणि ऐन गर्दीत डिस्क भरणे परवडणारे नाही. तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम बिघडवलेला कलेक्टर ठेवावा आणि केवळ लॉग वाचून कारण लिहून मागावे. कंटेनर नव्याने उभा करून ट्रेस दाखवणाऱ्याला त्यात गुण देऊ नयेत.

आपली विश्वासू,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक