तिकिटाआधी तिथी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर हिवाळ्यात पेपरांच्या पर्यटन पुरवण्यांत अंदमानच्या सहलींचे कार्यक्रम छापून येतात. त्यातल्या काहींत स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, अगदी शेवटच्या सकाळी कोंबलेला असतो, म्हणजे सकाळी डाइव्ह, लगेच फेरीबोट आणि दुपारी विमान, आणि हे वाचून मला खरंच काळजी वाटते.

पाण्याखाली दाबाची हवा घेतो तेव्हा नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर तो सावकाश निघून जातो, पण विमानाच्या केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच असतो, मग अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा की एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि बऱ्याच डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. मी तर सरळ शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेवा असंच सांगेन, सेल्युलर जेल त्या दिवशी बघा ना. हा नियम २००० फुटांपासून लागू होतो, म्हणजे मालवणला दोन दिवस डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने आंबोली चढणाऱ्यांनाही, कारण आंबोली सुमारे ६९० मीटरवर, म्हणजे २२०० फुटांहून उंच आहे.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, नेमो रीफ या प्रवाळाच्या जागेला जायला बोटीची गरज नसते. टाकी पाठीवर घेऊन किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, कमरेएवढं पाणी आलं की जोडीदाराच्या खांद्याला धरून पायांत फिन्स (पोहायचे पंख) चढवायच्या आणि पोहत रीफकडे जायचं. पाणी भरलेलं असेल तर हे सोपं जातं, पण पूर्ण ओहोटीला उथळातलं प्रवाळ अगदी पायाशी येतं, पाठीवर एवढं ओझं, तोल गेला की पाय थेट त्याच्यावरच पडतो. हरणाच्या शिंगांसारख्या त्या फांद्या बुटाखाली मोडलेल्या मी पाहिल्यात, मोडलेली जागा पांढरीशुभ्र आणि बाकी फांदी अजून जिवंत, तपकिरी. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, निदान आपल्या पायांनी तरी त्यात भर पडू नये.

म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर उघडा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओहोटी खोल जाते आणि पाण्याला ओढही जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी, तेव्हा नवख्यांना बरं पडतं. वेळा मात्र तिथल्या टाइड टेबलवरूनच, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरूनच घ्या, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपला मुंबईचा हिशोब तिकडे चालत नाही. आणि डाइव्ह सकाळचीच धरा, डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो.

एखादा दिवस हाताशी जास्तीचाही ठेवा. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर १४०० च्या आसपास पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाला जावं लागलं. नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर उपचार करायची दाबाची खोली, म्हणजे रिकम्प्रेशन चेंबरही पोर्ट ब्लेअरलाच (आताचं श्री विजयपुरम), नौदलाच्या रुग्णालयात, म्हणजे हॅवलॉकवर कुणाला त्रास झाला आणि समुद्र खवळलेला असला तर पोचायचं कसं? डाइव्ह विमा काढताना हे पण विचारून घ्या, नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा असेलच असं नाही.

पावसाळ्यात पेपरात भरतीच्या वेळा छापून येतात, त्याचा खूप उपयोग होतो. तसंच डिसेंबर ते मार्च पर्यटन पुरवणीत पोर्ट ब्लेअर आणि मालवणच्या वेळा द्याल का? आणि स्कूबा असलेला कुठलाही कार्यक्रम छापताना डाइव्ह आणि विमान यांच्यात किती तास आहेत तेवढं संबंधित टूरवाल्यांना विचारून मगच छापा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे