डेल्टावाल्या दादांना, थँक्यू द्यायचं राहूनच गेलं होतं

दादा, तुमचं खरं नाव मला अजून माहीत नाही, हँडलवरूनच ओळखतो, म्हणून दादाच म्हणतोय, चालवून घ्या.

लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस डेल्टा अपडेटने, म्हणजे फक्त बदललेला भाग उतरवून, अपडेट करायचं प्रपोजल टाकलं तेव्हा माझं गणित एकदम सोपं होतं, पॅकेजमध्ये बदलतं थोडंसं आणि आपण डाउनलोड करतो अख्खं, मग नुसता फरक पाठवा ना, जुनं पॅकेज कॅशमध्ये पडलेलंच असतं, त्याला झेडस्टँडर्डचा (फाइल दाबून लहान करणारं टूल) पॅच-फ्रॉम, म्हणजे जुन्या फाइलला फरक जोडून नवी बनवणारा पर्याय, लावला की काम झालं. बऱ्याच जणांनी प्लस वन केलं आणि पुढे गेले. माझ्या कोडची ब्रँच (वेगळी प्रत) ओढून खरोखर चालवली ती तुम्ही एकट्यानेच, तीपण तुमच्या त्या दोन कोअरच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर.

आणि लॉग आला, सिग्नेचर फेल, म्हणजे पॅकेज अस्सल असल्याची डिजिटल सही जुळेना. माझ्याकडे तर पास होत होतं! मी लगेच तुम्हाला रॅम तपासायला सांगितलं, त्या शहाणपणाबद्दल सॉरी. तुम्ही काही न बोलता दोन्ही फाइली, मूळ पॅकेज आणि डेल्टा जोडून परत कॉम्प्रेस केलेलं, उघडून दाखवल्या, आतला टार (सगळ्या फाइलींचा न दाबलेला गठ्ठा) बाइटनबाइट सेम, वेगळं होतं ते वरचं कॉम्प्रेशन, कारण तुमची झेडस्टँडर्ड लायब्ररी जुनी होती आणि व्हर्जन बदललं की त्याच डेटाचे बाइट्स वेगळे निघू शकतात, सही मात्र कॉम्प्रेस केलेल्या फाइलवर. आता आपण परत कॉम्प्रेस करतच नाही, टारचाच हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) सही केलेल्या डेटाबेसशी ताडून बघतो. ही आयडिया तुमची, कमिट माझ्या नावावर आहे हे जरा खटकतंच.

मग तुमचा तो टेबल. डाउनलोडचा वेळ, डेल्टा जोडायचा वेळ, एकूण. आयकॉन थीमचा डेल्टा चिमुकला, कर्नलचा जवळपास कर्नलएवढाच, कारण त्यातले मोड्यूल आतून आधीच कॉम्प्रेस केलेले, त्यामुळे थोडा बदल झाला तरी बाइट्स पार वेगळे, आणि ब्राउझरचं तर नेट बरं असेल तर सरळ अख्खं पॅकेजच लवकर उतरतं. माझा चेहरा पडला होता खरं सांगतो, पण त्याच टेबलमुळे मर्यादा ठरली, डेल्टा पुरेसा लहान नसेल तर बनवायचाच नाही.

सगळ्यात जास्त थँक्यू मात्र त्या एका ओळीच्या मेसेजसाठी, 'पॅकमनने डेल्टा का काढले ते वाचलंस का?' पॅकमन म्हणजे आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर. नव्हतं वाचलं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने आवृत्ती ४० मध्ये, म्हणजे २०२४ ला, डेल्टा आरपीएम (त्यांचे डेल्टा पॅकेज) बंद केले एवढं माहीत होतं, पण पॅकमन ५.२ मधून २०१९ ला ते उडवले त्यामागे कमांड इंजेक्शनचं भोक, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर कमांड म्हणून चालवला जाण्याचा धोका, होता हे डोक्यातच नव्हतं. घाबरत घाबरत माझी स्क्रिप्ट उघडली तर फाइलचं नाव तिथेही सरळ शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) जात होतं, कोट्सपण नाहीत! रात्री बसून तो भाग पूर्ण काढला.

डिफॉल्ट ऑफच ठेवलंय, तुम्ही म्हणालात तसं. नवीन ब्रँच टाकलीय, या वेळी रॅमचं नाव काढणार नाही, फक्त तो लॅपटॉप एवढ्यात भंगारात देऊ नका.