आबा, ऑपरेशनची तारीख घ्या

ती. आई आणि आबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

ताईकडून कळलं की आबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. 'पोरीचं सैन्याचं लेटर येऊ दे, मग बघू' म्हणालात. आणि आईने शिंगणापूरच्या महादेवासाठी सोमवार कडक धरलेत, तेही शुगरच्या गोळ्या चालू असताना. फोनवर हा विषय काढला की आबा 'बरं बरं' म्हणून फोन आईकडे देतात आणि आई थेट 'जेवलीस का?' वर येते. म्हणून लिहायला बसले. ताईला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

मी नेमकी कशाची वाट बघतेय ते आधी सांगते, कारण गावात सगळे 'झाली की भरती' असंच धरून चाललेत. आपल्या भागाला फौज नवी नाही. अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, त्यांच्या स्मारकापाशी आबांनीच मला लहानपणी नेलं होतं. भरती कशी होते हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण अधिकाऱ्याची निवड वेगळ्या वाटेने जाते. माझ्याकडे एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट होतं, पदवीला ५० टक्क्यांच्या वर गुण होते, म्हणून एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षा न देता मुलाखतीला बोलावलं. भोपाळला पाच दिवस चाललं ते एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या. तिथे मी रेकमेंड झाले. म्हणजे मंडळाने एवढंच सांगितलं की ही मुलगी अधिकारी व्हायला योग्य आहे. मेडिकलमध्येही फिट ठरले. पण अशा योग्य ठरलेल्या मुली प्रयागराजला असतात, बंगळुरूला असतात, आणि या एन्ट्रीत मुलींसाठी जागा पाच-सहाच. सगळ्यांचे एसएसबीचे गुण एकत्र लावून मेरिट लिस्ट निघते. वरच्या नावांना जॉइनिंग लेटर येतं, त्या चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षण अकादमीला जातात. बाकीच्या योग्य असूनही राहतात. वरची एखादी दुसऱ्या एन्ट्रीतून गेली तर खालचीला संधी मिळते. मला गुण किती पडले ते त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, सांगतही नाहीत.

तेव्हा चौकातल्या पोरांना फ्लेक्स लावू देऊ नका. त्यांची माया मला कळते, पण माझ्या नावापुढे 'लेफ्टनंट' लागायला आधी यादी, मग ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. ते पूर्ण झाल्यावर खुशाल लावा, मी स्वतः येऊन उभी राहीन.

भोपाळचं तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. झेलमने गेले, एसी थ्री टायरचं भाडं पहिल्यांदा येणाऱ्या उमेदवाराला सरकारच देतं, त्यामुळे आईने पदरच्या पैशातून दिलेले तसेच आहेत. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. दुपारी निम्म्याहून जास्त मुली बॅगा उचलून स्टेशनला निघाल्या. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या: बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, साठ प्रसंग, अर्ध्या तासात. दमायला होतं, पण मला त्यात भीती वाटली नाही. अडकले ते सगळ्यात शेवटी. 'तुमच्या आई-वडिलांचं तुमच्याबद्दल काय मत आहे ते लिहा' असा कागद होता. शिक्षकांचं मत, मित्रमैत्रिणींचं मत, स्वतःचं मत, सगळं पंधरा मिनिटांत. बाकीचं भराभर लिहिलं. तुमच्या रकान्यापाशी हात थांबला, कारण तुम्ही दोघांनी माझ्याबद्दल तोंडाने कधी काही म्हटलेलंच नाही. मग जे दिसलं होतं ते लिहिलं. लिहिलं की वडिलांचा माझ्यावर विश्वास आहे, कारण कॉलेजच्या पहिल्या वर्षी परेडसाठी मला पहिली एसटी धरावी लागायची आणि ते अंधारात गाडीवर स्टँडला सोडायचे, 'कशाला जातेस' असं एकदाही न विचारता. आईला वाटतं की मी दुखलं-खुपलं सांगत नाही, म्हणून कॅम्पहून आले की ती आधी माझे पाय बघते. हे कुणाला दाखवायला लिहिलं नव्हतं, खरं तेच लिहायचं असतं तिथे. मुलाखत घेणाऱ्या सरांनीही घराबद्दल पुष्कळ विचारलं. आबा उसाच्या पाळीला रात्री पाणी द्यायला जाताना मला का न्यायचे, हे त्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं.

मैदानावरच्या दोन दिवसांत फळ्या, दोरखंड, पिंपं घेऊन गटाने अडथळे पार करायचे असतात. तिथे एनसीसीची तीन वर्षं उपयोगी पडली. कॅम्पमध्ये तंबूची दोरी कुणी धरायची यावरून भांडणाऱ्या मुलींना एकत्र कामाला कसं लावायचं, ते कॉलेजात एनसीसी बघणाऱ्या एएनओ मॅडमनी शिकवलं होतं. शेवटच्या दिवशी एकेकीला पूर्ण मंडळासमोर बोलावतात आणि मग सगळ्यांना बसवून निवडलेल्यांचे चेस्ट नंबर पुकारतात. माझा पुकारला तेव्हा शेजारच्या मुलीने माझा हात दाबला. तिचा नंबर आला नाही. ती माझ्यापेक्षा चांगलं बोलायची, चांगलं पळायची. तिचा चेहरा आठवला की वाटतं, यादीबद्दल छातीठोक बोलायचा मला अधिकार नाही.

आता पैशाचं, कारण आबा विचारणार नाहीत पण डोक्यात ते असणार. ओटीएचा खर्च सरकार करतं आणि प्रशिक्षणात महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. घरातून काही लागणार नाही. त्यामुळे माझ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे डोळ्याच्या ऑपरेशनलाच वापरा. आत्याने आणलेल्या स्थळाचंही स्पष्ट सांगून टाका: प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत लग्न करता येत नाही, हा सैन्याचा नियम आहे. त्यांना खोटी आशा दाखवणं बरोबर नाही.

आणि यादीत नाव नाही आलं तर? हे तुमच्यापैकी कुणी बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. या एन्ट्रीला वयाच्या २५ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो आणि वर्षातून दोन कोर्स निघतात. सीडीएसच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या लेखी परीक्षेचा अभ्यास मी इथे पुण्यात चालूच ठेवलाय, त्यातूनही मुलींना ओटीएला जाता येतं. एमएस्सीचं दुसरं वर्ष आहेच. वाईट वाटेल, खूप वाटेल. पण मी पुन्हा भोपाळला किंवा जिथे बोलावतील तिथे जाईन. मला हेच काम करायचंय.

रोज सकाळी सैन्याची वेबसाइट उघडून बघते, नाही असं नाही. कधी दुपारीही बघते. यादी तिच्या वेळेला लागणार. ही वाट बघणं माझ्या कामाचा भाग आहे, ते मी करते. तुम्ही दोघांनी त्यासाठी डोळा, जेवण, झोप अडवून ठेवलंत तर माझं मन इथे लागत नाही. आबा, तुम्ही संध्याकाळी अजून गाडी चालवता असं ताई म्हणाली. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा फुटल्यासारखा दिसतो हे तुम्हीच दिवाळीत म्हणाला होतात. ऑपरेशन होईपर्यंत अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. आई, सोमवारी शाबूदाणा नको, भगर आणि ताक घे आणि गोळी चुकवू नकोस. डॉक्टरांना एकदा विचारून घे. महादेव समजून घेईल.

साताऱ्याच्या डॉक्टरांचा नंबर ताईकडे दिलाय. शनिवार धरून तारीख घ्या, म्हणजे मी शुक्रवारी रात्रीच येते. दवाखान्यात मीच थांबेन, ताईला मुलांची शाळा असते. तारीख ठरली की लगेच फोन करा.

तुमची,
धाकटी